आईच्या मातीला आलेल्या मावशी

आईला मूठमाती देऊन आम्ही दफनभूमीच्या फाटकाबाहेर आलो तेव्हा सगळे डोळे पुसत होते आणि मी रागाने थरथरत होते. लोकांना वाटलं, आईजवळ एकटी राहिलेली मुलगी, तिला सहन होत नाहीये. भगिनी मंडळाच्या बायकांनी मला धरून कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं, प्रभू सांत्वन करील म्हणाल्या. मला सांत्वन नको होतं. मला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना गाठून विचारायचं होतं, की माझ्या आईच्या शवपेटीसमोर उभं राहून तुम्ही हे काय बोललात.

ते नक्की काय बोलले आणि मला ते इतकं का लागलं, हे सांगायचं तर आधी शेजारच्या मावशींबद्दल सांगायला हवं.

आमचं घर सोलापुरात, एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे छोटं अंगण. आमची आणि मावशींची भिंत एकच. मावशी बौद्ध. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. यजमान रेल्वेत, होटगीला होते, ते लवकर गेले. मुलगी लग्न होऊन वैरागला. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि ते कधी येणार हे गल्लीत सगळ्यात आधी मावशींना कळतं, कारण खात्यातली माणसं अजून त्यांचे फोन उचलतात. मग त्या भिंतीवर लाटणं आपटून आम्हाला सांगतात.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरी संपल्यावरही गल्लीतल्या पोरांचे कान, घसे तीच बघायची. पुढे साखरेने तिची नजर अधू झाली आणि नंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. धाकटा भाऊ पुण्याला, त्याची नोकरी, मुलांच्या शाळा. मी लग्न केलेलं नाही, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. बाई ठेवली, ती टिकली नाही. दुसरी आली, ती आईवर खेकसायची. एके दिवशी मावशी स्वतःच म्हणाल्या, "बाई बघायची बंद कर. मी घरात बसून तरी काय करते? मी बघते आक्काकडं."

आईला त्या आक्का म्हणायच्या. त्या दिवसापासून आई जाईपर्यंत दिवसाचं सगळं मावशींनी केलं. ज्वारीची आंबील चमच्याने भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, लघवीचे कपडे धुणं. मी पैशांचा विषय एकदा काढला. त्या इतक्या रागाने बघत राहिल्या की परत काढला नाही.

आईला सगळ्यात जास्त काय सलत असेल तर आता स्वतः शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येत नाही हे. मी सकाळी डबा भरता भरता एखादं स्तोत्र घाईने वाचून दाखवायची. तिला ते पुरायचं नाही. एकदा मला लॅबमधून लवकर सोडलं. दुपारी घरी आले तर आतून मावशींचा आवाज येत होता. खात्यातली फाइल वाचावी तसा सरळ, एका पट्टीतला आवाज. मी चप्पल काढता काढता थांबले.

"आक्का, हितं तुमचा देव परत चिडला बघा. लई चिडतो की ओ हा."

आई अर्ध्या ओठांनी म्हणाली, "पुढं वाच. पुढं माफ करतो."

"करतो व्हय? बरं, बघू."

आणि त्या पुढे वाचायला लागल्या.

तेव्हापासून दुपारचं वाचन ठरूनच गेलं. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले तरी आईला मावशीच हव्या असायच्या. कारण मी नुसती वाचायची, मावशी वाचता वाचता भांडायच्या. घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट वाचली त्या दिवशी तर त्यांनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

"थोरल्याचं काय चुकलं, सांगा आक्का. राबला, बापाला सांभाळला. आन् मेजवानी त्या पैसं उडवून आलेल्याला?"

आईला हसू आलं. तिने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "ही थोरली. विचार हिला."

माझा भाऊ पुण्याहून यायचा त्या दिवशी घरात चिकन शिजायचं, हे मावशींना ठाऊक होतं. त्याही हसायला लागल्या. आईच्या ओठातून लाळ आली ती त्यांनी पदराने पुसली आणि चष्मा लावून पुढचं वाचायला घेतलं.

मावशींना ते पटत होतं असं मुळीच नाही. त्यांच्या घरात फळीवर बुद्धांची मूर्ती आहे, पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून विहारात जातात, आणि देवाबिवाबद्दल त्यांची मतं अगदी पक्की आहेत. मी एकदा विचारलं, मावशी, तुम्हाला कंटाळा नाही का येत? त्या म्हणाल्या, "आक्काला ऐकायचंय, मला वाचता येतंय. त्यात कंटाळा कसला?"

आणखी एक गोष्ट त्या दुपारच्या गप्पांतून निघाली. आईचे आजोबा वैरागच्या बाजूच्या एका गावातले. मिशनच्या शाळेमुळे ख्रिस्ती झाले आणि सोलापूरला आले. मावशींचं माहेरही त्याच बाजूचं, त्याच गावचं निघालं. म्हणजे वेशीबाहेरच्या एकाच वस्तीतली दोन घरं. एक ख्रिस्ताकडे आलं, दुसरं पुढे बुद्धाकडे गेलं. दोघांनी गाव सोडण्याचं कारण एकच होतं, ते सांगायला नको. आई त्या दिवशी खूप वेळ मावशींचा हात धरून पडली होती.

आता पाळकसाहेबांचं. आमचे जुने पाळक निवृत्त होऊन गावी गेले आणि हे नवे आले. वय चाळिशीच्या आत, शिकलेले, आवाज उत्तम. ते आईकडे आले ते नाताळच्या आधी, आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायला. मावशी तेव्हा आईला भरवत होत्या. त्यांनी वाटी बाजूला ठेवली, हात जोडले आणि चहा टाकायला आत गेल्या.

"या कोण?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"शेजारच्या मावशी. आईचं सगळं त्याच बघतात."

"आपल्या मंडळीतल्या?"

"नाही. बौद्ध आहेत."

"असं का. त्यांना कधी सुवार्ता सांगितलीत?"

आई पलंगावरून काहीतरी बोलली. त्यांना समजलं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "आई म्हणतेय, तीच मला रोज वाचून दाखवते."

पाळकसाहेबांनी "हं" केलं आणि प्रभुभोजनाच्या भाकरीची डबी उघडली. मावशींनी दिलेला चहा पिऊन ते पुढच्या आजाऱ्याकडे गेले. एवढं सगळं सांगते ते यासाठी, की मावशी कोण आहेत हे त्यांना माहीत होतं. नंतर कुणी म्हणू नये, बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

काही महिन्यांनी एका सकाळी आई गेली. मी लॅबमध्ये होते. मावशींचा फोन आला, त्या फक्त "ये" म्हणाल्या. घरी पोचले तोवर त्यांनी आईचे डोळे मिटवले होते, तोंड पुसलं होतं, केस विंचरले होते. शास्त्र उशाशी ठेवलं होतं. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात पुढं काय काय करत्यात ते तू सांग. मला म्हाईत न्हाय. मी तोंड तेवढं पुसलंय." मग त्यांचा बांध फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चमध्ये विधी झाला. भाऊ, वहिनी, मुलं पुण्याहून आली होती. गल्ली तर सगळीच आली. समोरचे तेलुगू विणकर, त्यांच्या घरातल्या बायका, कोपऱ्यावरचे रिक्षावाले चाचा. ही सगळी माणसं आयुष्यात पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये शिरली होती. कुठे बसायचं, कधी उठायचं काही माहीत नाही, म्हणून मागच्या बाकांवर अंग चोरून बसली. मावशीही मागेच जात होत्या. मी त्यांचा हात धरून पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसवलं. त्यांनी पौर्णिमेची पांढरी साडी नेसली होती.

उपदेशाची सुरुवात चांगली झाली. आईची सेवा, तिचा विश्वास, तिची सहनशक्ती. मग पाळकसाहेब थांबले, मागच्या बाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, की आज आपल्यात प्रभूला न ओळखणारेही पुष्कळ आहेत, तर त्यांच्यासाठी दोन शब्द बोलणं माझं कर्तव्य आहे. दया करणं चांगलं, शेजाऱ्याची सेवा करणं चांगलं. पण प्रभूला न स्वीकारता केलेली सेवा देवापुढे चिंध्यांसारखी आहे. ही बहीण आज स्वर्गात आहे. तुम्ही प्रभूला स्वीकारलं नाही, तर तिची आणि तुमची भेट आता पुन्हा कधीही होणार नाही. ही पेटी बघा आणि विचार करा.

हे बोलताना ते मागच्या बाकांकडे बघत नव्हते. पहिल्या बाकाकडे बघत होते.

मी मावशींकडे पाहायचं धाडस केलं नाही. माझ्या मांडीला त्यांची मांडी लागून होती, ती एकदम ताठ झाली, एवढं कळलं. त्या उठून जातील असं मला वाटलं. मला तर तेच हवं होतं, म्हणजे मीही त्यांच्यामागून उठले असते. पण त्या बसून राहिल्या. गाणं झालं, प्रार्थना झाली, पेटी उचलली. त्या दफनभूमीपर्यंत चालत आल्या. कबरीत माती टाकली आणि रिक्षात बसून घरी गेल्या.

घरी आल्यावर मी भावाला म्हटलं, "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. "चुकीचंच बोलले. पण आता वाद काढू नकोस गं. आई गेलीय. लोक काय म्हणतील?"

"लोक नाही, ते म्हणाले. आणि कुणाला म्हणाले ते तुला कळलं ना?"

"सगळ्यांनाच म्हणाले ते. पाळक असंच बोलतात. सवयीचं असतं त्यांचं."

मला त्याचाही राग आला. त्याने आईचा एकही कपडा धुतला नव्हता, म्हणून त्याला ते सवयीचं वाटू शकत होतं. हे मी त्याला तोंडावर बोलले. वहिनी मध्ये पडली आणि आम्हाला दोन खोल्यांत बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, काल ते जे बोलले…"

"ऐकलं मी. बहिरी न्हाय."

"मी जाणार आहे त्यांच्याकडे. जाब विचारणार आहे."

"जा की. तुझी मंडळी हाय, तुझा पाळक हाय. पण माझ्यासाठी म्हणून जाऊ नकोस."

मी गेले. पाळकसाहेबांचा बंगला चर्चच्या आवारातच आहे. त्यांनी आदराने बसवलं, त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी कपाला हात लावला नाही.

"ताई, तुमचं दुःख मला समजतं," ते म्हणाले.

"हे दुःख नाही. राग आहे. दुःखाला मला अजून सवड मिळालेली नाही."

ते जरा चपापले. मी विचारलं, "चर्चमध्ये माझ्या शेजारी कोण बसलं होतं, तुम्हाला माहीत होतं ना?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"घ्यायची गरज नव्हती. सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं."

"ताई, सत्य गोड करून सांगायचं का? उद्या देव मला विचारेल, एवढी माणसं समोर होती, तू का गप्प बसलास? मी काय उत्तर देऊ? कर्मांनी तारण होत नाही, हे तुम्हीही लहानपणापासून शिकला आहात."

"शिकले आहे," मी म्हटलं. "कर्मांनी माझंही होणार नाही आणि तुमचंही. पण मग ते कुणाचं होणार आणि कुणाचं नाही, हे सांगायचं काम तुम्हाला कुणी दिलं? आईचे कपडे धुतले जात होते तेव्हा मंडळीतलं कोण आलं होतं? आजारी माणसाची विचारपूस करा असं तुम्ही दर रविवारी सांगता. जिने ती केली, तिच्या सेवेला तुम्ही चिंध्या म्हणालात. तेही ती समोर बसलेली असताना."

त्यांनी टेबलावरच्या कापडाची घडी सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी खोटं बोललो नाही."

हा माणूस वाईट नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं, आणि त्यामुळे जास्त चीड येत होती. वाईट माणसाला सोडून देता येतं. हा मनापासून बोलत होता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने आमच्या गल्लीवर उपकार केले.

निघताना मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात आईची स्मरणसभा चर्चमध्ये ठेवायची आहे, त्यात मेंढपाळाचं स्तोत्र मावशी वाचतील. आईला शेवटपर्यंत त्यांनीच वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, समितीला विचारावं लागेल.

समितीच्या सेक्रेटरींचा फोन आला. ते आमच्या लांबच्या नात्यातले, मला लहानपणापासून ओळखणारे. "अगं, तू वाच, नाहीतर भावाला वाचू दे. बाप्तिस्मा न झालेल्या माणसानं व्यासपीठावरून शास्त्र वाचायचं, हे बसत नाही आपल्यात. त्या समोर बसू देत की, कोण नको म्हणतंय?"

"समोर बसवून काय होतं ते बघितलं मी," मी म्हटलं. "मग सभा घरी होईल. अंगणात."

"मग पाळकसाहेब येणार नाहीत बघ."

"नका येऊ म्हणावं."

फोन ठेवला आणि तशीच मावशींकडे गेले. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या अंगणात तुम्ही वाचायचं."

"न्हाय," मावशी म्हणाल्या.

"का?"

"तुला त्याला दाखवायचंय. मला न्हाय कुणाला काय दाखवायचं. मी आक्काला वाचत हुते. आक्का न्हाय आता. मी कुणाला वाचू?"

त्या उठून आत गेल्या, परत आल्या, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"आन् तुला काय वाटतं, राग तुला एकटीलाच आला? मला तुझ्यापेक्षा जास्त आला. माझ्या आज्याला कुणी दारात उभं करत न्हवतं. म्हून माझ्या बापानं ते सगळं सोडलं. आन् हा काल आलेला माणूस मला सांगतो, वरच्या दारात बी तुला उभं करणार न्हाईत. आमाला ते वरचं दार नकोच हाय. आमी मागितलंच न्हवतं. पण आक्का तितं पेटीत पडलेली, आन् हा मला सांगतो, तू परत आक्काला भेटणार न्हाईस. ते तरी बोलायला नको हुतं."

त्यांचा आवाज चढला नाही. मला कुशीत घेतील, समजावतील असं काही झालं नाही. त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

सभा अंगणात झाली. गल्लीतल्या पोरांनी ताडपत्री बांधली, विणकरांनी सतरंज्या आणून दिल्या. मंडळीतले फार कुणी येणार नाही असं धरून चालले होते, पण बऱ्यापैकी आले. भगिनी मंडळाच्या वयस्कर बायका आल्या, पेटी वाजवणारे काका आले. सेक्रेटरी आले नाहीत, त्यांची बायको आली आणि चपला मागच्या बाजूला काढून बसली. भाऊ पुण्याहून पुन्हा आला. त्याने माझ्याकडे न बघता खुर्च्या लावल्या, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

स्तोत्र मी वाचलं. मध्येच आवाज बसला, तेव्हा बायकांनी पुढच्या ओळी पाठ म्हटल्या. मावशी त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. आमच्या अंगणात आल्या नाहीत, पण दार लावूनही घेतलं नाही.

गाणं संपल्यावर भगिनी मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई काठी टेकत उठल्या, ताडपत्रीखालून बाहेर पडल्या आणि मावशींच्या उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी मावशींचा हात हातात घेतला.

"मी गेले की माझ्या मातीला बी या," त्या म्हणाल्या.

"तो परत बोलंल," मावशी म्हणाल्या.

"बोलू दे की. मला तवा ऐकू येणार न्हाय."

मावशी हसल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदा. पण लगेच त्यांनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला.

नाताळात दरवर्षीप्रमाणे मंडळीची तरुण मुलं गल्लीगल्लीत गाणी म्हणत फिरली. आमच्या अंगणात आली ती संध्याकाळी, गार वारं सुटलं होतं. पाळकसाहेब बरोबर होते. मी दारात उभी राहिले, आत या म्हटलं नाही. मुलांनी गाणी म्हटली. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि मावशी चहाचं पातेलं, कप घेऊन बाहेर आल्या. हे त्या दरवर्षी करायच्या, आई असताना. आई नसतानाही करतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी एकेकाला कप दिला. पाळकसाहेबांनाही दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, प्यायला आणि "थँक्यू" म्हणाले. बस्स. आणखी एक शब्द नाही.

ते गेल्यावर मी मावशींवर घसरले. "त्यांना कशाला दिलात चहा?"

"पोरं गारठली हुती."

"पोरांना द्यायचा होता. त्यांना का?"

"मग काय, सगळ्यांना देऊन एकाला न्हाय म्हणू? माझ्या दारात असलं चालत न्हाय."

मी घरात येऊन दार लावून घेतलं आणि तिथेच प्रार्थनेला बसले. प्रार्थना कसली, भांडण होतं ते. शत्रूवर प्रीती करा म्हणतोस, मग हे बघ, जिला तुझं नावही घ्यायचं नाही ती ते करून मोकळी झाली. आणि ज्याला तू व्यासपीठावर उभं केलंस, तो फुकटचा चहा पिऊन गेला. याचा हिशेब मला सांग. असं मी देवाशी याआधी कधी बोलले नव्हते. पण मी तशी बोलले म्हणून मला भीती वाटली नाही, आणि त्याचं नवल वाटलं.

चर्चला जायचं मी सोडलं नाही. लोकांनी विचारलं, एवढं आहे तर दुसऱ्या मंडळीत का जात नाहीस? मी का जाऊ? माझ्या पणजोबांनी गावची वेस ओलांडून या बाकांवर जागा मिळवली. आई इथे बसायची. मी उठून गेले तर आत कोण आणि बाहेर कोण हे तेच ठरवतात, असं होईल.

मंडळीच्या वार्षिक सभेत शेवटी, आणखी कुणाला काही बोलायचं आहे का असं विचारलं, तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, आपल्या दफनविधीला बाहेरची माणसं येतात ती प्रेमाने येतात. कुणाच्याही पेटीसमोर त्यांना नरकाची भीती घालू नये. माझ्या आईच्या वेळी ती घातली गेली आणि त्याबद्दल आजवर कुणी मावशींची माफी मागितलेली नाही. सेक्रेटरी म्हणाले, हा विषय कार्यक्रमात नाही. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी घाला. नाही घातला तरी मी उभी राहीन. मागून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. बाईचा आवाज होता. पाळकसाहेब समोर बसून खाली बघत होते. ठराव वगैरे काही झाला नाही. चहा झाला आणि सगळे घरी गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मंडळीतले एक गृहस्थ वारले. त्यांचा जावई हिंदू, मंगळवेढ्याकडचा शेतकरी. त्याच्या गावची माणसं जीप करून आली होती. मुद्दाम सुट्टी टाकून मी गेले आणि पुढे बसले. पाळकसाहेब उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. उपदेश छोटा होता. गेलेल्या माणसाबद्दल बोलले, घरच्यांबद्दल बोलले. शेवटी गावाहून आलेल्या लोकांकडे वळून, तुम्ही एवढ्या लांबून आलात, कुटुंबाला तुमचा आधार आहे, असं म्हणाले आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

संध्याकाळी मी ते मावशींना जाऊन सांगितलं. त्या नळ येण्याची वाट बघत पिंप धूत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे कळतं त्याला," त्या म्हणाल्या.

"कळतं."

"मग हितं माझ्या दारात येऊन तेवढं बोलायला काय हुतं?"

पाळकसाहेब अजून आमच्याच चर्चमध्ये आहेत, आमची गल्ली त्यांच्या बंगल्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, आणि ते अजून आलेले नाहीत.